समोरच्या दुकानातल्या मॅडम

लॅपटॉपचा पंखा उघडला की मशीन कुठून आलंय ते मला न विचारता कळायचं. चाकणच्या वर्कशॉपमधलं असेल तर पात्यांवर काळा, तेलकट थर, बोटाला चिकटणारा. रावेतच्या नव्या सोसायटीतलं असेल तर सिमेंटची बारीक पांढरी धूळ, कारण तिथं एका इमारतीत माणसं राहायला येतात तेव्हा शेजारची अजून बांधली जात असते. आळंदीच्या एका महाराजांच्या लॅपटॉपमधून तर मी वाटीभर उदबत्तीची राख काढली होती. कीर्तनाची रेकॉर्डिंग ऐकायला सोयीचं म्हणून ते लॅपटॉप देव्हाऱ्याशेजारी ठेवायचे आणि तो का तापतो, असं मलाच विचारायचे.

आकुर्डीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्यांनी दगा दिला म्हणून गेल्या वर्षी बंद केलं. या कामातल्या गमती सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. पण दुकानात बसून माझे किती दिवस मशीन दुरुस्त करण्यात गेले आणि किती दिवस रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बघण्यात गेले, याचा प्रामाणिक विचार केला तर दुसरा आकडा मोठा निघेल. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

रस्त्यापलीकडे मेहरून तांबोळीचं दुकान. तेही लॅपटॉप दुरुस्तीचंच.

मेहरून आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो होतो, भोसरीच्या एमआयडीसीत, टीव्हीचे सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत. आमचं कुटुंब बार्शीकडून आलेलं, ती चिंचवडगावातली. लाइनवर सगळ्या बायका. बोर्डवर बारीक भाग बसवायचे आणि सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानं त्यांचे पाय डाग देऊन जोडायचे, हेच काम. डाग नीट बसला तर थेंबासारखा गोल आणि चकचकीत दिसतो, बिघडला तर खडबडीत आणि मळका. माझे डाग नीट असायचे. मेहरूनचे चकचकीत असायचे. बाहेरची माणसं कंपनी बघायला आली की सुपरवायझर तिच्या टेबलावरचा बोर्ड उचलून दाखवायचा. माझं टेबल तिच्या शेजारी होतं. त्यानं हात लांबवला की मला दर वेळी वाटायचं, आज माझा उचलेल. एकदाही उचलला नाही.

कंपनी बंद झाली, आम्ही दोघींनी एकाच ठिकाणी कॉम्प्युटरचं काम शिकून घेतलं, आणि मी आकुर्डीत गाळा घेतल्यावर दोन वर्षांनी तिनं समोरचाच घेतला. मला विचारून घेतला, हे खरं. “तुला चालेल का गं?” म्हणाली होती. मी म्हणाले, “त्यात काय, सोबत होईल.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मला गिऱ्हाइकं ‘काकू’ म्हणायची आणि तिला ‘मॅडम’. आम्ही एका वयाच्या. दोघींचेही केस पांढरे. तरी मी काकू आणि ती मॅडम. मावळातले एक आजोबा एकदा नातवाचा लॅपटॉप शालीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. “ताई, ह्यो उघडतोय, पन बोलत न्हाई.” मी बघितलं तर कुणीतरी आवाज बंद करून ठेवलेला. एक बटण दाबलं, लॅपटॉप बोलायला लागला. आजोबा इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी पिशवीभर इंद्रायणी तांदूळ घेऊन आले. चार महिन्यांनी तेच आजोबा मला समोरच्या दुकानात दिसले. परतताना गाठलं त्यांना. “का हो बाबा, आमचं काही चुकलं का?”

“न्हाई न्हाई,” म्हणाले. “तिथं बसाया खुर्ची हाय.”

मी दुसऱ्याच दिवशी दोन खुर्च्या आणल्या. पण आजोबा काही परत आले नाहीत.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी पल्लवी नावाची तिशीतली मुलगी दुकानात आली. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनिअर. राहायला रावेतला. लॅपटॉप काउंटरवर ठेवून म्हणाली, “काकू, यातलं सगळं पुसून द्या. दुकानातून नवा आणल्यासारखा करून द्या. मी घरी करून बघितलं, होत नाही.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लॅपटॉप रीसेट करणं म्हणजे त्यातल्या फायली, फोटो, भरलेले प्रोग्रॅम, पासवर्ड सगळं काढून टाकून मूळची विंडोज नव्यानं बसवणं. ती बसवायला लागणारं सामान मशीनच्याच एका कोपऱ्यात जपून ठेवलेलं असतं. बटण दाबलं की मशीन स्वतःच स्वतःला धुऊन काढतं. पडद्यावर टक्के वाढत जातात आणि शंभर झाले की काम संपलं. पण हे काम अर्ध्यावर अडलं तर मशीन घाबरतं. केलेलं सगळं मागं घेतं आणि होतं तसंच परत उभं राहतं, आतल्या सगळ्या कचऱ्यासकट.

पल्लवीचा लॅपटॉप बासष्ट टक्क्यांवर थांबायचा. माझ्यासमोर दोनदा थांबला. “बदल मागे घेत आहोत,” असं इंग्रजीत म्हणायचा आणि पुन्हा जुनाच चेहरा घेऊन उघडायचा.

“ठेवून जा,” मी म्हटलं. “उद्या बघू.”

“शनिवारी अकराला माझी मुलाखत आहे. याच्यावरच द्यायचीये. त्यांची एक परीक्षा पण आहे, ती फोनवर होत नाही.”

“शनिवारला खूप वेळ आहे.”

बुधवारी मी दुसरा रस्ता धरला. विंडोज उघडायच्या आधीच मशीनला दुरुस्तीच्या पडद्यावर नेता येतं. तिथून रीसेट लावला तर मशीननं किल्ली मागितली. आजकालच्या लॅपटॉपना आतून कुलूप असतं आणि त्याची किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे. लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या ईमेलनं सुरू केला, त्याच्या खात्यात ते आकडे जाऊन बसतात. कामावरून परतताना पल्लवी आली तेव्हा मी विचारलं, “हा कुणाच्या ईमेलवर सुरू केला होता?”

“मिस्टरांच्या,” ती म्हणाली.

“मग त्यांच्याकडून आकडे घेऊन या.”

“त्यांनाच काढायचंय यातून, काकू.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. ती कुणाला काय लिहिते, काय बघते, कुठल्या नोकरीला अर्ज करते, हे संध्याकाळी घरी गेल्यावर नवरा तिला तिच्याच शब्दांत ऐकवायचा. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला तिनं ‘थँक यू’ लिहिलं होतं, त्यावरून आठ दिवस अबोला. महिन्यापूर्वी ती रावेतला आईकडे निघून आली होती. दुसऱ्या शहरातल्या नोकरीची मुलाखत होती आणि ती त्याला कळायला नको होती.

मी म्हटलं, “किल्ली नको आपल्याला. आतलं वाचायचं असेल तर किल्ली लागते. आपल्याला सगळं पाडूनच टाकायचंय.”

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. मग निघता निघता तिनं रस्त्यापलीकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, “तुमचा राग नाही ना येणार? घाई आहे म्हणून विचारते. त्या समोरच्या मॅडमना एकदा दाखवू का? ऑफिसमधले सगळे त्यांचंच नाव सांगतात.”

मी म्हणाले, “तिथं नका देऊ. तिच्याकडे दिवसभर दहा माणसं ये-जा करतात. मशीन कुणाच्या हातात जाईल, आतलं कोण बघेल, सांगता येत नाही. तुमचं प्रकरण नाजूक आहे.”

मेहरूनच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या मशीनला तिच्याशिवाय कुणीही हात लावत नाही. मला हे लाइनवर होतो तेव्हापासून माहीत आहे. ती आपला पेचकस पण दुसऱ्याला देत नाही. आणि माझ्यासमोर उभी असलेली मुलगी जगात एकाच गोष्टीला घाबरत होती. मी नेमकी तीच गोष्ट उचलून मेहरूनच्या दारात नेऊन ठेवली.

पल्लवीचा चेहरा उतरला. “बरं झालं विचारलं,” म्हणाली. “तुमच्याकडेच राहू दे.”

त्या वेळी मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. संध्याकाळभर बरं वाटत होतं.

गुरुवारी मी पेन ड्राइव्हवर ताजी विंडोज घेतली आणि जुनी डिस्क पूर्ण पुसली. तिच्या नवऱ्याची नजर त्या मशीनमधून गेली. पण नवी विंडोज बसेना. कधी चाळीस टक्के, कधी साठ, आणि मग ‘फाइल खराब आहे’ असा निरोप. म्हणजे आता आगीतून फुफाट्यात. आधी निदान जुनं काहीतरी चालत तरी होतं, आता नुसती रिकामी पेटी. डिस्क बदलली, तेच. मेमरीची पट्टी काढून दुसरी चांगली लावली, तेच. मेमरी तपासायचा प्रोग्रॅम शुक्रवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या लावला, तर सगळं ठीक. बोर्ड काढून भिंगाखाली धरला, मला काही दिसलं नाही. माझ्या डाव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू सुरू झाला होता आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा.

शुक्रवारी दुपारपर्यंत मी मनाशी वाक्य तयार करून ठेवलं. मदरबोर्ड गेलाय, आमच्या हातात काही नाही. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळ जणांना सांगितलंय आणि बहुतेक वेळा ते खरं होतं. या वेळी खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. खरं नसलं तर ते कळण्यासारखं एकच माणूस होतं आणि ते चाळीस पावलांवर बसलं होतं. पल्लवीला मी तिथं जाऊ दिलं असतं तर मशीन बुधवारीच झालं असतं. उद्या अकराला ती मुलगी कशासमोर बसणार होती?

मी शटर अर्धं ओढलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि रस्ता ओलांडला. समोर दुकान असून सहा वर्षांत मी तिच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. ती यायची माझ्याकडे, ईदला डबा घेऊन, संक्रांतीला तिळगूळ घ्यायला.

“ये,” मेहरून म्हणाली. जसं काही मी रोज येते. “बस. काय झालं?”

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. “मेमरीची चाचणी कधी लावलीस?”

“सकाळी.”

“म्हणजे मशीन थंड असताना.”

तिनं मशीन चालू करून वीस मिनिटं नुसतं तापू दिलं. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनाही तिनं संध्याकाळी यायला सांगितलं. मग चाचणी लावली. पडद्यावर लाल ओळी भराभरा यायला लागल्या. मेहरूननं मेमरी ज्या खाचेत बसते तिच्या कोपऱ्यावर हलकेच बोट दाबलं. लाल ओळी थांबल्या. बोट काढलं, पुन्हा सुरू झाल्या.

“पट्टी चांगलीच आहे,” ती म्हणाली. “खाचेच्या पायाचा डाग फुटलाय. थंड असताना टेकतो, तापला की सुटतो. बघ.” आणि भिंग माझ्याकडे वळवलं.

मी डोळा लावला. मला धूसर चांदीसारखं काहीतरी दिसलं.

“दिसलं?”

“हो,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. बोर्ड मोकळा करून टेबलावर घेतला आणि डाग द्यायला लागली. मी शेजारी बसून बघत होते. दोन पाय, एकेकाला श्वासभर वेळ. हात हलला नाही. इतक्या वर्षांनी माझं टेबल पुन्हा तिच्या शेजारी होतं, आणि पोटात तसंच जळत होतं, अगदी तसंच. तिनं माझी अडचण सोडवली म्हणून बरं वाटायला हवं होतं. मला मात्र वाटत होतं की एक तरी पाय बिघडावा.

लॅपटॉप जोडून तिनं विंडोज बसवायला लावली. आणि त्याच वेळी पल्लवी दारात उभी राहिली. माझं शटर अर्धं दिसलं म्हणून शोधत आली होती. तिनं टेबलावरचा आपला लॅपटॉप ओळखला. मेहरूनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काकू, तुम्हीच म्हणालात ना, इथं देऊ नका?” ती दारातूनच म्हणाली. “इथं कुणाच्याही हातात जातं म्हणून?”

मी मेहरूनकडे बघू शकले नाही.

मेहरूनच बोलली. “बरोबर सांगितलं तिनं, बेटा. माझ्याकडे गर्दी असते. म्हणून तर ती मशीन सोडून गेली नाही, स्वतः शेजारी बसून राहिली. दुपारपासून उठली नाहीये.” आणि एक खुर्ची पुढं सरकवली. “बस. पंधरा मिनिटांत होईल.”

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा निवळला. “सॉरी काकू,” म्हणाली.

इतकी वर्षं मी मेहरूनच्या हाताचा, तिच्या गिऱ्हाइकांचा, तिच्या खुर्च्यांचा हेवा केला. त्या दिवशी जे वाटलं त्यापुढं ते काहीच नव्हतं. मला जन्मात जमलं नसतं असं काहीतरी तिनं लॅपटॉपवरची नजर न काढता केलं होतं. तिनं मला पल्लवीसमोर उघडं पाडलं असतं तर सोपं झालं असतं. मग निदान मला तिच्यावर चिडता आलं असतं.

आम्ही तिघी पडद्याकडे बघत बसलो. साठ आलं, बासष्ट आलं. पल्लवीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. त्रेसष्ट. पुढं आकडे निवांत चालत राहिले. शंभर झाल्यावर मशीननं पहिला प्रश्न विचारला, तुमचं नाव काय. पल्लवीनं स्वतःचं नाव टाइप केलं. फक्त स्वतःचं. मग तिनं नवा ईमेल काढला आणि किल्लीचे ते अठ्ठेचाळीस आकडे वहीच्या पानावर उतरवून घेतले. मेहरूननं तिला ते दोनदा ताडून बघायला लावले.

ती गेल्यावर मी उठले नाही. म्हणाले, “मेहरून, मी खरंच तसं बोलले होते. त्या मुलीची काळजी वगैरे काही नव्हती. तिनं तुझ्याकडे येऊ नये म्हणून बोलले.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. टेबल पुसत होती.

“कसं माहीत?”

“पहिल्यांदा नाही बोललीस तू. त्या शाळेच्या बाईंना सांगितलं होतंस, मी डुप्लिकेट पार्ट टाकते म्हणून. त्यांनी इथं येऊन मला पार्टचा खोका उघडून दाखवायला लावला. देहूरोडच्या त्या भाऊला काय सांगितलंस ते मी बोलत नाही. लोक येऊन सांगतात गं. त्यांना वाटतं, मला आवडेल ऐकायला.”

माझे कान तापले. “मग इतकी वर्षं मला विचारलं का नाहीस?”

तिनं फडकं बाजूला ठेवलं. “विचारलं असतं तर तू बोलणं टाकलं असतंस. लाइनवरच्या चाळीस बायकांतली तू एकटीच उरलीस मला भेटायला.” मग म्हणाली, “राग आला नाही असं नाही. आला. त्या शाळेच्या बाईंच्या वेळी तर रडले मी घरी जाऊन. पण आता ते राहू दे. डोळ्याला काय झालंय ते सांग.”

मला नाही म्हणता आलं नाही. तिनंच मला डॉक्टरकडे नेलं. एक डोळा बरा झाला, दुसरा म्हणावा तसा नाही झाला. बारीक कामाचा हात माझ्याजवळ राहिला, पण नजर गेली, आणि नजरेशिवाय हा हात कुठल्या कामाचा? दोन वर्षं कशीबशी ओढली आणि दुकान बंद केलं.

पल्लवीला ती नोकरी मिळाली. आईला घेऊन गेली. हे मला मेहरूनकडून कळलं, कारण निरोप मेहरूनच्या फोनवर आला होता. मोठा निरोप होता. ‘मॅडम, तुमच्यामुळे’ अशी सुरुवात आणि शेवटी एक ओळ, ‘तुमच्याबरोबरच्या त्या काकूंनाही सांगा.’ मेहरूननं फोन माझ्यापुढे धरला आणि मोठ्यानं वाचून दाखवला, मला वाचायला त्रास होतो म्हणून. शेवटच्या ओळीवर मला परत जळजळ झाली. तीन दिवस मशीन मी उघडलं, तिच्या नवऱ्याला त्यातून मी काढलं, आणि मी कोण, तर बरोबरची काकू. हे मी मेहरूनला बोलून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले, पण तिच्यानंतर.

हेवा गेला असं मी लिहिणार नाही. तो जात नाही. या वयात तो गुडघ्यासारखा झालाय, चढताना दुखतो आणि एरवी आहे हे विसरायला होतं. फरक एवढाच पडलाय की त्याच्या सांगण्यावरून मी आता तोंड उघडत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतले वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात आले. हातात लॅपटॉप. “काकू, रीसेट लावलाय, पण पूर्णच होत नाही. तुमचं दुकान बंद झालं ना? मग दाखवू कुणाला?” माझा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला होता, तो मी मागं घेतला. म्हटलं, “स्टेशन रोडला औषधाच्या दुकानानंतर दुसरा गाळा. मेहरून तांबोळी. हातात घेईल तर तीच घेईल, दुसरं कुणी हात लावत नाही. मशीन तापल्यावर अडतं का ते आधी बघून ठेवा, ती विचारेल.” ते जिना उतरले. मी गॅलरीत येऊन उभी राहिले आणि ते औषधाच्या दुकानाकडेच वळतात का, ते बघितलं.